महर्षी धोंडो केशव कर्वे : चरित्र आणि अभ्यासक्रमाची उद्दिष्टे



जून महिना आला की कॉलेजमधल्या प्रत्येक शिक्षकापुढे एक कोरे पान येते. विषयाचे नाव, तासिका, गुण आणि त्याखाली एक रकाना : अभ्यासक्रमाची उद्दिष्टे. आता त्याच्या जोडीला अध्ययन निष्पत्तीचा रकानाही असतो. नॅकची समिती यायची असेल तर हे पान जरा नीट भरले जाते. नाहीतर गेल्या वर्षीचे पान काढायचे, साल बदलायचे आणि फाईलला लावायचे. खरे आहे ना?

आणि पालकहो, तुम्ही तर ते पान कधी बघतही नाही. राजोडीहून सकाळी निघून नालासोपारा नाहीतर विरार स्टेशन गाठायचे, गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहायचे आणि कॉलेजला जायचे, असे तुमच्या मुलामुलींचे तीन वर्षे चालते. फी आपण वेळेवर भरतो. पण या विषयातून माझ्या मुलीला नक्की काय करता येणार, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात?

हा प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्या माणसाचे चरित्र आज आपण पाहणार आहोत. महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांचे कैवारी आणि महिला विद्यापीठाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो, शाळेत त्यांच्यावर निबंधही लिहितो. पण ते मुळात गणिताचे शिक्षक होते. उदाहरण सोडवण्याआधी काय काढायचे आहे ते लिहून घ्यावे, ही गणिताची सवय. कर्व्यांच्या प्रत्येक संस्थेत ती दिसते. या नजरेने त्यांचे आयुष्य वाचले, तर आपल्या त्या कोऱ्या पानासाठी बरेच काही मिळते.

मुरूडचा मुलगा

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे घर दापोलीजवळच्या मुरूडला. समुद्रकाठचे छोटे गाव, नारळी-पोफळीच्या वाड्या, बेताची परिस्थिती. आपल्या वसईच्या किनारपट्टीवरच्या वाचकाला ते चित्र वेगळे सांगायला नको.

१८७५ साली त्यांना एक सार्वजनिक परीक्षा द्यायची होती. केंद्र होते साताऱ्याला. पावसाळ्याचे दिवस. धोंडू आणि त्याचे सोबती सह्याद्रीचा घाट चढून, पायी चालत लांबची मजल मारून साताऱ्याला पोहोचले. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पूर्ण लागत. धोंडूची ती झाली होती. पण अंगकाठी लहान, चेहरा पोरसवदा. हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून परीक्षा समितीने त्याला बसूच दिले नाही! पुढच्या खेपेला कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली.

आपण ही गोष्ट मुलांना जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण शिक्षक म्हणून जरा वेगळ्या बाजूने बघा. परीक्षा होती ज्ञानाची आणि पारख झाली अंगकाठीची. जे तपासायचे ठरवले ते सोडून भलतेच तपासले गेले. आपल्याकडे असे होत नाही का? उद्दिष्टात लिहितो की विद्यार्थी स्वतंत्र विचार करू लागेल, आणि प्रश्नपत्रिकेत विचारतो पाच व्याख्या. मग स्वतंत्र विचार करणारा मुलगा मागे पडतो आणि पाठांतरवाला पुढे जातो. उद्दिष्ट एकीकडे आणि परीक्षा दुसरीकडे, असे झाले की चालून आलेल्या मुलावर अन्याय होतो.

गणिताचे प्राध्यापक

शिक्षण उशिरा सुरू झाले तरी कर्व्यांनी ते सोडले नाही. १८८१ साली मॅट्रिक, १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. शिकताना शिकवण्या करून घर चालवले आणि पदवीनंतर मुंबईतल्या शाळांमध्ये गणित शिकवले. १८९१ साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यामुळे तिथे गणिताची जागा रिकामी झाली होती. कर्व्यांनी हे काम १९१४ पर्यंत केले.

११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनी. पुढे त्या आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्वे, म्हणून ओळखल्या गेल्या. या लग्नामुळे मुरूडला या कुटुंबावर बहिष्कार पडला.

एका संस्थेचे एकच उद्दिष्ट

आता नीट लक्ष द्या, कारण आपल्या विषयाचा पहिला मोठा धडा इथे आहे.

१८९३ साली कर्व्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. तिचा हेतू सरळ होता : ज्या विधवेला पुन्हा लग्न करायचे आहे तिला मदत करायची. तीन वर्षांनी, १८९६ साली, त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. त्याचा हेतू निराळा : विधवेला शिकवून तिच्या पायावर उभे करायचे. तिने शिक्षिका व्हावे, परिचारिका व्हावे, स्वतःची भाकरी स्वतः कमवावी.

तुम्ही म्हणाल, दोन्ही कामे विधवांचीच, मग एकत्र का नाही केली? कर्व्यांनी ती मुद्दाम वेगळी ठेवली. आश्रमात मुलगी पाठवली तर तिचे लग्न लावून देतील, अशी शंका आली असती तर कोणी आपली लेक किंवा सून तिथे धाडली नसती. म्हणून आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, असे ठरले. ज्या माणसाने स्वतः पुनर्विवाह करून बहिष्कार सोसला, त्याने हे ठरवले! सुधारकांपैकी काहींना ते पटले नाही. पण कर्व्यांना कळले होते, की एका वाक्यात दोन उद्दिष्टे कोंबली की दोन्ही फसतात.

जागेसाठी रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी पुण्याबाहेर हिंगण्याला जमीन दिली आणि १९०० साली तिथल्या माळावर एका झोपडीत आश्रम गेला. आजचे कर्वेनगर ते हेच. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी चार मैल चालत हिंगण्याला जाऊन आश्रमातल्या बायकांना शिकवायचे, असा कर्व्यांचा क्रम होता. जाताना खांद्यावर आश्रमासाठी सामानही असायचे.

उद्दिष्ट साधले की नाही हे कशावरून ओळखायचे? बायांची बहीण पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण घ्या. विधवा झालेल्या, मूल पदरात, शाळेत न गेलेल्या अशा त्या कर्व्यांकडे आल्या. विशी ओलांडल्यावर अक्षरे गिरवायला बसल्या, शिकल्या, आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या, गावोगाव हिंडून आश्रमासाठी निधी गोळा केला आणि पुढे अमेरिकेलाही जाऊन आल्या. स्वतःच्या पायावर उभे करणे हे उद्दिष्ट होते, आणि ते साधले की नाही हे डोळ्यांनी बघता येत होते.

१९०७ साली कर्व्यांनी महिला विद्यालय काढले. विधवांपुरते नव्हे, कुमारिका आणि विवाहित मुलींनाही शिकता यावे म्हणून. विद्यार्थिनी बदलल्या, गरज बदलली, म्हणून संस्था वेगळी. बघा, पुन्हा तीच शिस्त.

जपानची पुस्तिका

बनारसचे शिवप्रसाद गुप्त यांनी कर्व्यांना एक पुस्तिका पाठवली होती. तोक्योच्या महिला विद्यापीठाची ती माहिती होती. तेव्हा ती चाळून बाजूला राहिली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले आणि भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका आठवली. त्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानात स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे, अशी कल्पना मांडली.

त्या वेळी मुंबई विद्यापीठ होतेच आणि मुलींना तिथे बंदीही नव्हती. मग अडचण काय होती? सगळे शिक्षण इंग्रजीतून. आधी परकी भाषा जिंकायची, मग त्या भाषेतून इतिहास, गणित, शास्त्र. लग्न लवकर, घरची कामे, शिकायला मिळणारी वर्षे मोजकी. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मुली शेवटपर्यंत पोहोचत. प्राध्यापक म्हणून कर्व्यांनी हे वर्षानुवर्षे पाहिले होते. त्यांनी मुलींना दोष दिला नाही, अभ्यासक्रमाकडे बोट दाखवले. शिकणारी कोण आहे, तिच्याकडे वेळ किती आहे आणि शिकून ती काय करणार आहे, हे न विचारता बनवलेला तो अभ्यासक्रम होता.

लिहून ठेवलेली उद्दिष्टे

१९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती, फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे कुलगुरू. विद्यापीठाने आपले हेतू अगदी मोजक्या कलमांत लिहून काढले. त्यांचा आशय असा :

१. स्त्रियांना देशी भाषांच्या माध्यमातून उच्च शिक्षण मिळण्याची सोय करणे.
२. स्त्रियांच्या गरजांना साजेसे अभ्यासक्रम तयार करणे, आणि त्यासाठी शाळा-संस्था काढणे, चालवणे, जोडून घेणे.
३. प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करणे.
४. परीक्षा घेऊन पदव्या देणे.

ही कलमे पुन्हा एकदा वाचा. राष्ट्राचे उज्ज्वल भवितव्य, सर्वांगीण विकास, मूल्यसंवर्धन असे काही सापडते का? नाही. कोणाला, कोणत्या भाषेतून, कशासाठी, आणि शेवटी कसे तपासायचे, एवढेच आहे. पुढे अभ्यासक्रम ठरवताना प्रत्येक निर्णय या कलमांशी ताडून पाहता आला. माध्यम मराठी झाले, पुढे गुजरातीही. इंग्रजी काढून टाकली नाही, ती एक विषय म्हणून ठेवली. आरोग्य, गृहशास्त्र असे विषय आले. पदवीचा काळ तीन वर्षांचा केला. पदवीची नावेसुद्धा आपल्या भाषेतली : गृहीतागमा आणि त्यापुढची प्रदेयागमा. पहिलीचा अर्थ विद्या ग्रहण केलेली आणि दुसरीचा अर्थ विद्या देण्यास योग्य झालेली. शिकणारी आणि शिकवू शकणारी, हा फरक त्यांनी पदवीच्या नावातच सांगून टाकला.

पहिल्या वर्षी कॉलेजात विद्यार्थिनी किती होत्या? पाच! आणि सुरुवातीला पदवी मिळाली तीही मोजक्याच विद्यार्थिनींना. आजच्या हिशेबात ही तुकडी बंदच झाली असती. पण कर्व्यांनी पटसंख्येला उद्दिष्ट मानले नव्हते. ते वर्गणीसाठी हिंडत राहिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. १९३६ साली मुख्यालय मुंबईला आले. विरारहून लोकल पकडून चर्चगेटला उतरणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना जे एस. एन. डी. टी. माहीत आहे, ते हेच विद्यापीठ.

उद्दिष्टांवर झालेली टीका

चरित्र म्हणजे आरती नव्हे. म्हणून दुसरी बाजूही पाहू.

स्त्रियांच्या गरजांना साजेसे, या शब्दांतच एक धोका होता. गरजा ठरवणार कोण? कर्व्यांच्या मनात बहुसंख्य स्त्रिया संसार करणार, मुले वाढवणार, हे गृहीत होते. आगरकरांनी त्यांच्या कितीतरी आधी मुलगे आणि मुली यांना एकच शिक्षण, तेही एकत्र द्यावे, असे ठासून मांडले होते. त्या बाजूने पाहिले तर वेगळा अभ्यासक्रम म्हणजे मुलींसाठी आखलेले कुंपण ठरू शकत होते. शिवाय या पदव्यांना सरकारी मान्यता नव्हती. विद्यापीठाला कायद्याने पूर्ण दर्जा मिळायला १९५१ साल उजाडले. तोवर पस्तीस वर्षे ज्या मुली तिथे शिकल्या, त्यांना या अडचणीची किंमत मोजावी लागली.

कर्व्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी जुन्या विद्यापीठांची वाट बंद करा, असे म्हटले नाही. ज्या मुलींना तिकडे जाणे शक्य आहे त्यांनी जावे, हे त्यांना मान्य होते. त्यांच्याच स्नुषा इरावती कर्वे मुंबई विद्यापीठातून शिकून बर्लिनला डॉक्टरेट करून आल्या, आणि काही काळ याच महिला विद्यापीठाच्या कुलसचिवही होत्या. दोन्ही वाटा एका घरात नांदल्या.

तरीही टीकेतला प्रश्न आपल्यासाठी जिवंत आहे. आपण उद्दिष्ट लिहितो तेव्हा विद्यार्थ्याला कुठवर जाता येईल याची एक रेषाही ओढत असतो. ग्रामीण भागातली मुले आहेत, एवढे पुरे. असे मनात ठेवून लिहिलेले उद्दिष्ट स्पष्ट असेल, पण ते कुंपणच आहे. स्पष्टपणा आणि उंची दोन्ही लागतात.

उतारवयातले काम

१९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे जगाच्या प्रवासाला निघाले. युरोपातल्या शिक्षण परिषदांमध्ये आपल्या विद्यापीठाची माहिती दिली, बर्लिनला आइनस्टाइन यांना भेटले, अमेरिका पाहिली, आणि ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने हे सारे सुरू झाले त्या जपानलाही गेले. १९३६ साली त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. हेतू पुन्हा एका ओळीत मावणारा : ज्या खेड्यात शाळा नाही तिथे प्राथमिक शाळा सुरू करणे. १९४४ साली जातिभेद मोडण्यासाठी समता संघ. १९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. एकशे चार वर्षांचे आयुष्य!

आता आपले पान

अध्ययन निष्पत्ती हा शब्द कर्व्यांच्या काळी नव्हता. ब्लूम यांची उद्दिष्टांची उतरंड १९५६ साली आली. बी. एड.ला आपण उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे पाठ केली, पाठ टाचणात लिहिली. ते तंत्र उपयोगी आहेच. पण तंत्राच्या आधी कर्व्यांचे प्रश्न विचारले तर काम सोपे होते. चला, एक उदाहरण करून बघू. समजा प्रथम वर्षाचा भूगोल आहे आणि घटक आहे किनारी भूरूपे.

नेहमीचे वाक्य : विद्यार्थ्यांना किनारी भूरूपांची ओळख करून देणे.

यात काम कोणाचे आहे? शिक्षकाचे. शिक्षकाने ओळख करून दिली, उद्दिष्ट संपले. विद्यार्थी मागच्या बाकावर झोपला असला तरी ते पूर्ण झाले! आता हे वाक्य बघा :

विद्यार्थी राजोडीच्या किनाऱ्यावर भरतीची रेषा आणि सुरूच्या झाडांची रांग यांमधले अंतर तीन ठिकाणी मोजेल, ते नकाशावर दाखवेल आणि तीन ठिकाणी फरक का पडला याची किमान दोन कारणे स्वतःच्या शब्दांत सांगेल.

आता कर्ता विद्यार्थी आहे. क्रियापदे डोळ्यांना दिसणारी आहेत : मोजेल, दाखवेल, सांगेल. किती आणि कुठे हेही आहे. परीक्षा कशी घ्यायची, हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि सांगेल या शब्दापाशी विचार करायला जागाही आहे.

लिहिताना एवढे ताडून बघा :

• वाक्याचा कर्ता विद्यार्थी आहे का?
• समजेल, जाणेल, आवड निर्माण होईल, अशी न दिसणारी क्रियापदे एकटीच उभी आहेत का? असतील तर समजले हे कशावरून कळेल, ते लिहा.
• एका वाक्यात एकच गाठायची जागा आहे ना? आश्रम आणि विवाहमंडळी आठवा.
• प्रश्नपत्रिका हेच तपासते का? सातारा आठवा.
• हे वाक्य विद्यार्थ्याला कळणाऱ्या भाषेत आहे का? आपल्याकडे घरात कादोडी, वाडवळी बोलणारी मुले कॉलेजात इंग्रजी पुस्तकांशी झगडतात. निदान आपण कुठे निघालो आहोत, हे तरी त्यांना आपल्या भाषेत कळू द्या.
• हे वाक्य त्याला पुढे नेते की आहे तिथेच ठेवते?

एका विषयाला अशी पाच-सहा वाक्ये पुरतात. वीस लिहिली तर ती कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, आपल्याही नाही. आणि ती फाईलमध्ये ठेवू नका. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा, मुलांना उतरवून घ्यायला सांगा आणि सत्राच्या शेवटी त्यांच्याकडूनच एकेका वाक्यापुढे खूण करून घ्या.

पालकहो, तुम्हीही एक करा. या वर्षी गुणपत्रिकेच्या आधी मुलीला किंवा मुलाला विचारा, की या विषयात तू आता काय करू शकतोस, जे जूनमध्ये येत नव्हते? उत्तर आले तर त्याच्या शिक्षकांना जरूर कळवा. नाही आले, तर भांडायला जाऊ नका, पण पालक सभेत त्या विषयाची उद्दिष्टे बघायला मागा. बघायला कोणीतरी आहे, एवढे कळले तरी ते पान दर वर्षी नव्याने लिहिले जाईल.